नडगीतली पोकळी आणि मूलपेशींचा बाजार : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य

विषय : हाडातील मोठी पोकळी भरून काढण्यासाठी मूलपेशी व स्कॅफोल्ड (नव्या हाडाला वाढण्यासाठी पोकळीत ठेवलेला आधार) यांच्या वापराबाबत

महोदय,

राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिव्यंगोपचार विभागांत नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. या पत्रामागे कोणतीही संघटना नाही आणि औषध किंवा उपकरणे बनवणाऱ्या कोणत्याही कंपनीशी माझा संबंध नाही. माझे मागणे दुहेरी असले तरी त्याचे दोन्ही भाग एकमेकांना धरून आहेत. मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात), टोचून हाड भरून देतो असे सांगत राज्यात जो व्यवसाय चालला आहे त्याला आपण आळा घालावा. आणि हाच उपचार आपल्या सरकारी महाविद्यालयांत, रुग्णाकडून एक पैसाही न घेता, रीतसर चाचणी करून तपासण्याची सोय करावी. पहिली मागणी अधूनमधून कोणी ना कोणी करत असते. दुसरी फारशी कोणी करत नाही. पण नुसती बंदी घातली तर रुग्णाची गरज आहे तिथेच राहील, आणि गरज राहिली की बाजार दुसऱ्या नावाने पुन्हा उभा राहील.

ही गरज किती खरी आहे ते आधी सांगतो. साधे मोडलेले हाड नीट बसवले की जुळते, आणि त्वचेवर उरतो तसा व्रणही तिथे मागे ठेवत नाही. मात्र हाडाचा तुकडाच नाहीसा झाला, तर मधली पोकळी एका मर्यादेपलीकडे आपली आपण भरत नाही. नडगीच्या बाबतीत हे वारंवार घडते, कारण तिच्या पुढच्या अंगाला मांस जवळजवळ नसते; मोटारसायकल घसरली की कातडी फाटून हाड थेट डांबराला लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. दगावलेल्यांपैकी पंधरा हजारांवर महाराष्ट्रातले होते. जखमींपैकी पाय वाचला पण पाच-सहा सेंटिमीटर हाड गेले असे किती, हे त्या आकडेवारीतून कळत नाही. ते कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ऑर्थोच्या वॉर्डात एक फेरी मारली की कळते.

अशा रुग्णासाठी आज आमच्या हाती मुख्यतः तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे त्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेले हाडाचे कलम (ग्राफ्ट). त्यात जिवंत पेशी असतात, नव्या हाडाला धरून वाढायला आधार असतो आणि वाढीला चालना देणारी प्रथिनेही असतात, म्हणून सगळी तुलना आजही याच कलमाशी होते. पण कमरेतून निघणारे हाड मोजकेच असते आणि ते काढल्यावर तिथले दुखणे काही जणांना महिनोन् महिने पुरते. दुसरी गोष्ट सैबेरियातील कुर्गानच्या गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात रूढ केलेली, पायाभोवती बसवायच्या रिंगांची पद्धत. हाड एका जागी कापून त्याचा तुकडा दिवसाला एक मिलिमीटर या गतीने सरकवत नेतात आणि मागे सुटलेल्या जागेत नवे हाड तयार होते. नट फिरवायचे काम रुग्ण किंवा घरचे कोणीतरी करते, दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर. पद्धत उत्तम आहे, पण पायात आरपार तारा घेऊन वर्षभर जगायचे म्हणजे काय, हे ज्याने जगले त्यालाच ठाऊक. तिसरी फ्रान्सच्या आलँ-शार्ल मास्क्वेले यांची. पोकळीत आधी अ‍ॅक्रिलिक सिमेंटचा ठोकळा ठेवतात. सहा ते आठ आठवड्यांत त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेले पातळ आवरण तयार होते. मग आवरणाला हलक्या हाताने चीर देऊन ठोकळा काढायचा, त्या पिशवीत कलम भरायचे आणि ती शिवून टाकायची. पण पिशवी मोठी आणि कलम थोडे, ही अडचण इथेही येते.

नेमकी हीच कमतरता मूलपेशी आणि स्कॅफोल्ड यांनी भरून काढता येईल का, असा प्रश्न आहे.

यामागची कल्पना पोकळ नाही. हाडाच्या आतल्या मज्जेतील (बोन मॅरो) काही पेशी हाड बनवू शकतात हे मॉस्कोतील अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी १९६०च्या दशकापासूनच्या प्रयोगांतून दाखवले. १९६५ मध्ये अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर तिथे, जिथे हाडाचे काही कामच नाही अशा जागी, नवे हाड तयार झाले. हाडात दडलेल्या ज्या प्रथिनांमुळे हे घडते त्यांना आज आपण बीएमपी म्हणतो. स्कॅफोल्डचे काम वेलीला मांडव देण्यासारखे आहे : पेशींना आणि रक्तवाहिन्यांना चढायला आधार द्यायचा आणि नवे हाड येईल तसतसे स्वतः विरघळून जायचे. त्यासाठी कॅल्शियम फॉस्फेटचे सिरॅमिक, बायोअ‍ॅक्टिव्ह काच, कोलॅजेन, रेशमाचे प्रथिन असे अनेक पदार्थ वापरून झाले आहेत. छिद्रे साधारण १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतील तर हाड आत शिरत नाही. रक्तवाहिन्यांना ३०० मायक्रॉनच्या वरची आणि एकमेकांना जोडलेली छिद्रे मानवतात. छिद्रे वाढवली की ताकद घटते, हा त्यातला पेच. विरघळण्याच्या गतीचेही तसेच आहे. कॅल्शियम सल्फेट काही आठवड्यांत, म्हणजे हाड यायच्या आधीच, नाहीसे होते. शुद्ध हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोहोंच्या मधले. आपल्याकडेही यावर काम झाले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तयार झालेला सिलिकायुक्त सिरॅमिक मूलपेशींसह शेळ्यांच्या मांडीच्या हाडात तपासला गेला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून सच्छिद्र आधार बनवण्यात आले.

माणसांवरचा पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. २००१ मध्ये इटलीतील जिनोआच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. हातापायांच्या लांब हाडांत ४ ते ७ सेंटिमीटरच्या पोकळ्या होत्या. रुग्णाच्याच मज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या सच्छिद्र हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटवर बसवल्या आणि हाड जुळले. सहा-सात वर्षांनंतरच्या तपासणीतही ते टिकून होते, फक्त सिरॅमिक जवळजवळ तसाच होता. जगभर या निबंधाचा दाखला देतात आणि द्यावाही. पण रुग्ण तीन होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही.

त्याहून मला अधिक मोलाचा वाटतो तो पॅरिसजवळच्या क्रेतेय येथील फिलिप एर्निगू यांचा २००५चा अभ्यास. जंतुसंसर्ग नसलेल्या, पण नडगी जुळत नसलेल्या ६० रुग्णांना त्यांनी त्यांचीच मज्जा घट्ट करून टोचली. ५३ जणांचे हाड जुळले. महत्त्वाची गोष्ट उरलेल्या सात जणांत आहे. एर्निगूंनी टोचलेल्या द्रवातील हाड बनवू शकणाऱ्या पेशी मोजल्या होत्या, आणि या सात जणांना मिळालेल्या पेशी इतरांपेक्षा बऱ्याच कमी निघाल्या. म्हणजे पेशींचाही डोस असतो, आणि तो मोजल्याशिवाय उपचार केला असे म्हणता येत नाही.

हे मोजणे का अडते ते शस्त्रक्रियागृहात उभे राहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. मज्जेतील केंद्रक असलेल्या पेशींमध्ये कामाच्या पेशी लाखात एक ते दहा असतात. कमरेच्या हाडात जाड सुई ठोकायची, सिरिंजला झटका देऊन दोन मिलिलिटर ओढायचे, सुई जराशी फिरवायची, पुढे सरकवायची, पुन्हा दोन मिलिलिटर, असे करत राहायचे. हे कंटाळवाणे काम आहे आणि यादीतला पुढचा रुग्ण बाहेर ताटकळत असतो. घाईने एकाच जागेवरून वीस मिलिलिटर ओढले तरी सिरिंज भरतेच, पण ती रक्ताने भरते. मज्जा वेगाने फिरवून घट्ट करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रातून काढल्यावर दोन्ही द्रव दिसायला सारखेच लालभडक. रुग्णाला, नातेवाइकांना, आणि खरे सांगायचे तर टोचणाऱ्या डॉक्टरलाही, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही.

शिवाय पेशी पुरेशा असल्या तरी तेवढ्याने भागत नाही. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही आठवड्यांत मरतात, विशेषतः मोठ्या कलमाच्या गाभ्यात, कारण रक्तवाहिनीपासून शे-दोनशे मायक्रॉनच्या पलीकडे ऑक्सिजन पोचत नाही. या पेशी स्वतः हाड होतात त्यापेक्षा आपल्या स्रावांनी आसपासच्या पेशींना कामाला लावतात, असे मत आता बळावले आहे. ज्यांनी १९९१ मध्ये या पेशींसाठी मूलपेशी हे नाव रूढ केले त्या अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलावे असे लिहिले. आणि हाड हलत असेल, पू असेल, वरची कातडी मेलेली असेल, तर जगातली कोणतीही पेशी तिथे तग धरणार नाही. आधी साफसफाई, मग प्लास्टिक सर्जनने दिलेले मांसाचे आवरण, मग पक्का आधार, आणि त्यानंतरच पेशींचा विचार. हा क्रम कोणत्याही इंजेक्शनने बदलत नाही.

आता बाजाराकडे वळतो. अहिल्यानगरकडचा (पूर्वीचे अहमदनगर) एक तरुण टेम्पोचालक माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत एका खासगी दवाखान्याची चकचकीत फाइल होती. आत नडगीतील पोकळीत दिलेल्या ‘स्टेम सेल थेरपी’चे बिल होते, जे भरण्यासाठी वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकला होता. फाइलमध्ये पेशींची संख्या कुठेही नव्हती, चाचणीचा नोंदणी क्रमांक नव्हता आणि संमतिपत्र इंग्रजीत होते. पायावर बारीक तोंडाची जखम होती. दाबले की पू येत होता. इंजेक्शनआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात एकमेकांशेजारी धरले. पोकळी जशीच्या तशी होती. त्या मुलाचा मूळ आजार जंतुसंसर्ग होता आणि त्यावर कोणी हातच लावला नव्हता. वाईट याचे वाटले की तो डॉक्टरवर रागावलेला नव्हता. आणखी दोन इंजेक्शने परवडली असती तर हाड आले असते, अशी त्याची समजूत होती.

यावर कायदा नाही असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्दच वगळला. २०१७च्या आवृत्तीनेही हेच स्पष्ट केले की रक्ताच्या व तत्सम विकारांसाठी होणारे प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचण्या नियमांनी मूलपेशींपासून बनवलेल्या उत्पादनांना नव्या औषधाच्या व्याख्येत आणले. अडचण अंमलबजावणीची आहे. पेशींचे उत्पादन औषध महानियंत्रक आणि आपले अन्न व औषध प्रशासन यांच्या कक्षेत, डॉक्टरचे वर्तन महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या कक्षेत, आणि दवाखान्याची नोंदणी शुश्रूषागृह कायद्याखाली महापालिका किंवा जिल्हा यंत्रणेकडे. तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवावे अशीच ही रचना आहे. त्यातच दवाखाने म्हणतात की आम्ही पेशी वाढवत नाही, त्याच दिवशी काढून त्याच दिवशी परत देतो, त्यामुळे हे औषध नव्हेच. या एका वाक्यावर सारा धंदा उभा आहे. आपल्या विभागाने या तिन्ही यंत्रणांना एकत्र बसवून एवढा एकच आदेश काढावा : हाडासाठी मूलपेशी देतो अशी जाहिरात करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीतील आपला क्रमांक आणि नीतिसमितीची मंजुरी दर्शनी भागात लावावी, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याने जाहिरात व उपचार दोन्ही बंद करावेत.

यावर काही सहकारी म्हणतील की मंजूर उत्पादने आहेतच की. आहेत. २०१७ मध्ये मुंबईतील एका कंपनीच्या, रुग्णाच्याच मज्जेतून वाढवलेल्या अस्थिपेशींना खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या आजारासाठी परवानगी मिळाली. २०२२ मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीच्या मूलपेशींना गुडघ्याच्या संधिवातासाठी मिळाली. विदर्भात व नंदुरबारात सिकलसेलमुळे तरुण वयात खुबा निकामी झालेले रुग्ण पाहिलेल्या माणसाला पहिल्या परवानगीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण परवानगी त्या त्या उत्पादनाला आणि त्या त्या आजाराला असते. खुब्याच्या परवानगीवर नडगीची पोकळी भरण्याचे दुकान चालवता येत नाही.

अतिउत्साह किती महागात पडतो याचे उदाहरण पेशींचे नसले तरी याच क्षेत्रातले आहे. बीएमपी-२ हे प्रथिन अमेरिकेत २००२ मध्ये कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी मंजूर झाले. मंजूर नसलेल्या जागीही ते सर्रास वापरले गेले. २००८ मध्ये तिथल्या नियामकांना मानेच्या शस्त्रक्रियांत जीवघेणी सूज येत असल्याचा इशारा द्यावा लागला. २०११ मध्ये कण्याच्या शल्यचिकित्सेच्या एका प्रमुख नियतकालिकाने अख्खा अंक काढून दाखवले की ते विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत दुष्परिणाम फार कमी करून सांगितले होते. अखेर कंपनीने मूळ माहिती येल विद्यापीठामार्फत खुली केली आणि २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ती तपासली, तेव्हा कमरेच्या साध्या कलमापेक्षा विशेष फायदा कुणालाच आढळला नाही. मधल्या दशकभरात हे औषध असंख्य रुग्णांना देऊन झाले होते. म्हणूनच ही तपासणी विकणाऱ्याने नव्हे, सरकारी महाविद्यालयांनी करावी असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडे त्यासाठी लागणारी मुख्य गोष्ट आहे, ती म्हणजे रुग्ण. मोठ्या पोकळीचे रुग्ण एका रुग्णालयाला पुरेसे मिळत नाहीत, त्यामुळे असे अभ्यास युरोपातही अनेक देश मिळून करतात. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मिरज आणि मुंबई येथील महाविद्यालयांनी एकच आराखडा स्वीकारला तर आपल्याला देशाबाहेर बघावे लागणार नाही. चाचणी साधीच असावी. संसर्ग संपलेला, सिमेंटच्या ठोकळ्याभोवती आवरण तयार झालेले रुग्ण घ्यावेत. चिठ्ठी काढून निम्म्यांना कमरेचे कलम आणि निम्म्यांना थोडे कलम, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे व मोजलेली घट्ट मज्जा द्यावी. एक्स-रे व सीटी कोणत्या गटाचे आहेत हे ठाऊक नसलेल्या रेडिओलॉजिस्टने वाचावेत. आणि दोन वर्षे पाठपुरावा करावा. पेशी मोजण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेचे मार्गदर्शन घ्यावे. या घडीला पेशी वाढवण्याची महागडी प्रयोगशाळा बांधण्याची मला घाई वाटत नाही. इमारतींची उद्घाटने होतात, यंत्रे येतात आणि देखभालीच्या करारावाचून धूळ खातात, हे आपल्या विभागाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

खरा खर्च पाठपुराव्याचा आहे. बीडचा ऊसतोड कामगार हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात असतो. त्याने ठरल्या तारखेला यावे असे वाटत असेल तर त्याला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्यावी लागेल, आणि जवळच्या जिल्हा रुग्णालयात काढलेला एक्स-रे चालेल अशी सोय ठेवावी लागेल. आज आमचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी वीस-तीस रुग्णांचे अभ्यास करतात. ते परीक्षेपुरते असतात आणि नंतर कपाटात जातात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हेच प्रबंध एका सामाईक नोंदवहीला जोडले, तर पैसा न ओतता माहिती जमू लागेल.

आणखी एक काम आहे, ज्यासाठी कोणत्याही चाचणीची वाट पाहायला नको : हाडांची पेढी. २०११च्या दुरुस्तीनंतर मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या कक्षेत ऊतीही आल्या आहेत, आणि हाड ही ऊतीच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊती-पेढी आहे. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली हाडाची कलमे तिथे तयार होतात. आपल्या महाविद्यालयांत मात्र खुबा बदलताना निघालेले मांडीच्या हाडाचे डोके, म्हणजे मुठीएवढे उपयोगी हाड, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. रुग्णाची संमती, रक्ताच्या तपासण्या, उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर, चोख नोंदी आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढ्यावर प्रादेशिक पेढी सुरू होऊ शकते. असे हाड निर्जीव असते आणि एकट्याने फार काही करत नाही, पण तो निसर्गाने घडवलेला स्कॅफोल्ड आहे, आणि चाचणीत सिरॅमिकच्या शेजारी तिसरा गट म्हणून त्याला जागा देता येईल.

शेवटची विनंती निकालाबाबत आहे. चाचणीचा आराखडा पहिला रुग्ण घेण्याआधी जाहीर करावा आणि निकाल काहीही लागला तरी, मूलपेशींचा काडीचा उपयोग झाला नाही असा लागला तरी, तो ठरलेल्या मुदतीत मराठी सारांशासह प्रसिद्ध करावा. त्या सारांशाची प्रत राज्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या ऑर्थो ओपीडीत लावण्याचे आदेशही आपणच द्यावेत. या कामी आराखडा लिहिण्यापासून एक्स-रे वाचण्यापर्यंत जी मदत लागेल ती विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेला एक अस्थिशल्यचिकित्सक